व्रण किती जुना आहे, मॅडम?

मी पॅथॉलॉजी शिकवते, म्हणजे आजारानं शरीरात काय काय बदलतं ते. पहिल्या तासाला मी दरवर्षी एकच प्रश्न विचारते, पी-५३, म्हणजे पेशीला कॅन्सरपासून राखणारं ते प्रोटीन, कोणाकोणाला माहितीये? सगळे हात वर जातात. कोणी त्या प्रोटीनला काय काय चिकटतं ते सांगतं, कोणी त्याच्या जीनमधले बदल, म्हणजे म्युटेशन्स, नेमकी कुठे होतात ते सांगतं, एखादी मुलगी तर इतक्या खोलात शिरते की मीच पेन काढून लिहून घेते. मग दुसरा प्रश्न. ज्यांच्या थीसिसच्या नावात कॅन्सर हा शब्द आहे त्यांच्यापैकी किती जणांनी ट्यूमर पाहिलाय, म्हणजे माणसाच्या पोटातून किंवा स्तनातून काढलेली खरी गाठ, उंदराच्या पाठीवरची नाही, प्लेटमध्ये वाढवलेल्या पेशी नाहीत. एकही हात वर येत नाही, फार तर एखादा अर्धवट येतो आणि परत खाली जातो.

ही सगळी पीएचडीची मुलं. कोणी बायोकेमिस्ट्रीतून आलेलं, कोणी फिजिक्समधून, कोणी स्टॅटिस्टिक्स, कोणी कॉम्प्युटर. मेडिकलशी कुणाचाच संबंध नाही, पण पुढची चार-पाच वर्षं आणि कदाचित सगळं आयुष्यच ही मुलं कुठल्यातरी आजारावर काम करण्यात घालवणार आहेत. ज्याच्यामागे आयुष्य घालवायचं ते एकदाही डोळ्यांनी बघायचं नाही हे मला पटत नाही. आणि यात त्यांची काहीच चूक नाही, त्यांना कोणी दाखवलंच नाही.

पहिल्या वर्षी मी हा कोर्स फार वाईट शिकवला होता. मेडिकलच्या मुलांना देते तीच लेक्चर्स घेतली, थोडी कापली आणि सुरू केलं. नेक्रोसिसचे, म्हणजे पेशी मरण्याचे प्रकार, सूज, मग ट्यूमरची नावं, एका तासात पन्नास-साठ नवे शब्द. मुलं गुणी होती, सगळं उतरवून घेत होती, परीक्षेत लिहीतही होती. पण महिन्याभरानं एकानं येऊन विचारलं, मॅडम, प्लीहा शरीरात नक्की कुठे असते? तेव्हा माझ्या लक्षात आलं की मेडिकलची मुलं माझ्याकडे येण्याआधी वर्षभर शरीर फोडून बघून आलेली असतात, त्यांच्या डोक्यात नकाशा तयार असतो, मी फक्त त्यावर खुणा करत जाते. इथे नकाशाच नाहीये. मी कोऱ्या कागदावर गावांची नावं सांगत सुटले होते.

मग मी कोर्स उलटा केला.

उलटा म्हणजे काय ते सांगायला जरा इतिहास सांगावा लागेल. १७६१ साली इटलीत, पादुआच्या मॉर्गान्यीनं जवळपास सातशे शवविच्छेदनांच्या नोंदी छापल्या, तेव्हा तो ७९ वर्षांचा होता. त्याचा प्रश्न साधा होता, आजार शरीरात राहतो कुठे? तोपर्यंत आजार म्हणजे सगळ्या अंगात काहीतरी बिघडलेलं संतुलन अशी समजूत होती, यानं अवयवावर बोट ठेवलं. मग फ्रान्समध्ये बिशा आला. त्याचा मायक्रोस्कोपवर विश्वास नव्हता, तरी नुसत्या डोळ्यांनी, प्रेतं फाडून, उकळून, वाळवून त्यानं शरीरात २१ प्रकारच्या ऊती असतात असं मांडलं आणि १८०२ साली अवघ्या तिसाव्या वर्षी गेला. म्हणजे अख्खा अवयव आजारी नसतो, त्यातला एखादा पदर आजारी असतो. मग १८५८ साली बर्लिनमध्ये फिर्शोनं डॉक्टरांपुढे व्याख्यानं दिली आणि सांगितलं की पेशीत बघा, प्रत्येक पेशी आधीच्या पेशीतून येते, आजारी पेशीसुद्धा. आणि त्यानंतर शंभर वर्षांच्या आत इन्ग्रॅम या शास्त्रज्ञानं दाखवलं की सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात हिमोग्लोबिनमध्ये फक्त एक अमिनो आम्ल बदललेलं असतं.

अवयव, ऊती, पेशी, रेणू. पॅथॉलॉजी असा जिना एकेक पायरी खाली उतरत आली. आणि माझ्यासमोर बसलेली मुलं जन्मली तीच जिन्याच्या तळाशी, त्यांना रेणू पाठ आहेत, वर कधी गेलीच नाहीत. त्यांना वरून खाली आणण्यात काही अर्थ नव्हता. त्यांना जे येतं तिथून सुरू करून एकेक पायरी वर चढायचं असं ठरवलं, आणि चढायला सगळ्यात चांगला जिना सिकल सेलचाच.

बीटा ग्लोबिन, म्हणजे हिमोग्लोबिनमधली एक साखळी, तिच्यातली सहावी जागा, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. हे फळ्यावर लिहायचीही गरज नसते, वर्ग एका सुरात सांगतो. ऑक्सिजन सुटला की ही हिमोग्लोबिनं एकमेकांना चिकटून लांब दोरे करतात हेही त्यांना माहिती असतं. मग मी विचारते, हे म्युटेशन शरीरातल्या प्रत्येक लाल पेशीला आहे, मग आधी नुकसान कुठे होईल? इथून मजा सुरू होते, कारण आता रेणूचं ज्ञान पुरत नाही, जागा माहिती पाहिजे. कोणीतरी म्हणतं जिथे ऑक्सिजन कमी असेल तिथे. बरोबर. आणखी? जिथे रक्त हळू चालत असेल तिथे, कारण दोरे तयार व्हायला वेळ लागतो. बरोबर. मग अशी जागा कुठली जिथे रक्त रेंगाळतं, ऑक्सिजन कमी होतो, आणि पेशींना बारीक फटींतून अंग चोरून जावं लागतं? प्लीहा. डाव्या बरगड्यांच्या खाली, मुठीएवढी, मोठ्या माणसात साधारण १५० ग्रॅमची. ती कुठे असते हे आता कोणी विसरत नाही, कारण ती त्यांनी स्वतः शोधलेली असते.

मग मी बरणी काढते. सिकल सेलच्या एका मोठ्या माणसाची प्लीहा. लहानपणी ती आधी फुगते, पेशी अडकतात म्हणून, आणि मग एकेक कोपरा रक्तावाचून मरत जातो, तिथे व्रण होतो, म्हणजे जखम भरल्यावर राहतो तसा तंतूंचा चिवट डाग, व्रण आकसतो, आणि शेवटी उरतो तो काही ग्रॅमचा करडा, सुरकुतलेला, दगडासारखा तुकडा. बरणी हातोहात फिरते. वर्ग गप्प असतो. डीएनएतलं एक अक्षर आणि ही बरणी यांच्यामध्ये जे काही आहे ना, तो माझा विषय आहे, असं मी त्यांना सांगते. आणि गोष्ट तिथे संपतही नाही, कारण प्लीहा गेली की न्यूमोकोकससारखे जंतू रक्तातून गाळून काढणारी चाळणीच गेली, म्हणून ह्या मुलांना अगदी तान्हेपणापासून पेनिसिलिन आणि लसी द्याव्या लागतात. जन्मतः मात्र बाळ ठणठणीत असतं, कारण गर्भातलं हिमोग्लोबिन अजून शिल्लक असतं, ते ओसरलं की काही महिन्यांनी त्रास सुरू होतो. एक मुलगा हे ऐकून म्हणाला होता, म्हणजे म्युटेशन पहिल्या दिवसापासून आहे आणि आजार नंतर येतो. हो. आजाराला जागा असते तसा वेळही असतो. हे वाक्य मी बोलण्याआधी त्यानं बोललं याचा मला फार आनंद झाला होता.

मायक्रोस्कोपचा तास त्यानंतर. इथे मी मुद्दाम घाई करत नाही. आधी सांगते की तुम्ही जे बघणार आहात ते जिवंत नाहीये आणि रंगही त्याचे नाहीत. फॉर्मेलिनमध्ये बुडवून पेशी जागच्या जागी थिजवलेल्या, मग पाणी काढून मेणात बसवलेल्या, मग मायक्रोटोम नावाच्या कापायच्या यंत्रावर चार-पाच मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या चार-पाच हजारांशांचा काप काढलेला. जांभळा रंग हिमॅटॉक्सिलिनचा, तो मूळ मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून येतो, न्यूक्लियसला, म्हणजे पेशीच्या केंद्रकाला धरतो. गुलाबी इओसिनचा, तो बाकी सगळ्याला. दीडशेच्या आसपास वर्षं झाली, जगभर अजून बहुतेक निदानं ह्या दोन रंगांवरच होतात. सिंगल सेलवाल्या, म्हणजे एकेका पेशीतले जीन्स वाचणाऱ्या मुलांना हे खरं वाटत नाही.

फिजिक्सचा एक मुलगा पहिल्याच दिवशी म्हणाला, स्केल बार, म्हणजे मापाची पट्टी कुठेय? मला तो प्रश्न फार आवडला. त्याला म्हटलं लाल पेशी शोध. ती सात-आठ मायक्रॉनची असते आणि बहुतेक कुठल्याही स्लाइडवर सापडते, आमची पट्टी तीच, बाकी सगळं तिच्याशी लावून मोजायचं. तो तासभर तेच करत बसला. मग त्यालाच शंका आली की चार मायक्रॉनचा काप म्हणजे अख्खी पेशीसुद्धा नाही, पेशीचा एक पापुद्रा, मग न्यूक्लियस न दिसलेली पेशी म्हणजे न्यूक्लियस नसलेली पेशी कशावरून? कशावरूनच नाही. तेच चरबीचं. चरबीच्या पेशी स्लाइडवर रिकाम्या पांढऱ्या कड्यांसारख्या दिसतात, मुलं विचारतात इथे भोकं का, आणि उत्तर असं की तिथे चरबी होती, स्लाइड बनवताना झायलीन या द्रावकात विरघळून गेली. दिसत नाही ते नव्हतंच असं नसतं, आणि दिसतं त्यातलं काही आपणच केलेलं असतं. डेटावर काम करणाऱ्यांना हे मी वेगळं समजावून सांगत नाही, त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं की कळलंय.

सगळ्यात अवघड प्रश्न मात्र हाच असतो, मॅडम, पण नॉर्मल कसं दिसतं? खरं सांगायचं तर मला सुरुवातीला ह्या प्रश्नाचा कंटाळा यायचा, आजार शिकवायला आलेय आणि ही मुलं नॉर्मलवरच अडकलीत असं वाटायचं. आता मला वाटतं ह्यापेक्षा चांगला प्रश्न नाही. नॉर्मल एकसारखं नसतंच. पन्नाशीतल्या माणसाची फुप्फुसं आणि पाच वर्षांच्या मुलाची फुप्फुसं दोन्ही नॉर्मल आणि दोन्ही वेगळी. गर्भाशयाचं अस्तर तर महिन्यातल्या कुठल्या दिवशी बघितलं त्यावर नॉर्मल ठरतं. आणि सिगारेट ओढणाऱ्याच्या श्वासनलिकेत केसाळ पेशींच्या जागी चपट्या, कातडीसारख्या पेशी येतात, धुराला टिकतात त्या, पण कफ ढकलायचं काम त्यांना येत नाही. त्या पेशींत प्रत्येक पेशी दिसायला चांगली असते, कातडीवर असती तर कोणी वळूनही बघितलं नसतं. चुकीच्या जागी आहेत एवढंच. अर्धा वर्ग इथे म्हणतो की ही शरीराची युक्ती आहे, अर्धा म्हणतो हा आजाराचा पहिला टप्पा, आणि मी दोघांनाही भांडू देते कारण दोघंही बरोबर आहेत.

ह्याच तासाला मी वॉरनची गोष्ट सांगते. पर्थमधला पॅथॉलॉजिस्ट रॉबिन वॉरन. १९७९ साली जठराच्या बायोप्सी बघताना त्याला अस्तरावर बारीक वाकड्या जंतूंची रेघ दिसली. जठरात इतकं आम्ल असतं की तिथे जंतू टिकूच शकत नाहीत असं तेव्हा सगळे मानत होते. त्यानं चांदीचा रंग वापरून परत बघितलं, ते होतेच, आणि जिथे ते होते तिथे सूजही होती. मग बॅरी मार्शल त्याला येऊन मिळाला, १९८२ साली त्यांनी ते जंतू वाढवले, आणि २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. मला ही गोष्ट एवढ्यासाठी महत्त्वाची वाटते की वॉरनकडे सुरुवातीला नवीन मशीन नव्हतं, रोजच्या कामाच्या स्लाइड्स होत्या, त्याच्या आधी हजारो लोकांनी बघितलेल्या असणार तशाच. जठर स्वच्छच असतं असं एकदा शिकून घेतलं की डोळ्यासमोरची रेघसुद्धा घाण म्हणून सोडून दिली जाते. माझ्या वर्गातल्या मुलांना अजून काय दिसायला नको हे माहिती नाहीये. म्हणून त्यांनी कितीही बाळबोध प्रश्न विचारला तरी मी परत मायक्रोस्कोपच्या आयपीसला डोळा लावते.

एक प्रसंग मात्र मनात घर करून बसलाय. आमच्या कोर्सची एक मुलगी तिसऱ्या वर्षाला असताना हीटमॅप, म्हणजे कुठले जीन्स किती चालू आहेत याचा रंगीत तक्ता घेऊन आली. ट्यूमरचे नमुने, आरएनए सिक्वेन्सिंग, आणि स्क्रीनवर दोन गट अगदी सुरीनं कापल्यासारखे वेगळे. ट्यूमरचा एक नवीनच प्रकार सापडलाय असं तिला आणि तिच्या ग्रुपला वाटत होतं, दीड वर्षाचं काम होतं. मी म्हटलं ह्याच गाठींच्या स्लाइड्स आहेत का? होत्या, कोणी बघितल्या नव्हत्या. आम्ही दोघी संध्याकाळी बसलो आणि एकेक लावत गेलो. एका गटात ट्यूमर दाट. दुसऱ्या गटातल्या बहुतेक तुकड्यांत ट्यूमर नावालाच, बाकी सगळा मेलेला भाग आणि त्यावर धावून आलेल्या न्यूट्रोफिल्स, म्हणजे सुजेत सगळ्यात आधी पोचणाऱ्या पांढऱ्या पेशी. तिचे जे जीन्स जास्त आले होते ते न्यूट्रोफिल्सचे होते. सहावी-सातवी स्लाइड येईपर्यंत तिला कळलं होतं, तरी तिनं सगळ्या बघितल्या, एकही सोडली नाही, प्रत्येकीत ट्यूमर किती टक्के ते वहीत लिहिलं. मला तिला धीर द्यायचा होता पण शब्द सुचत नव्हते. पुढे तिनं तीच टक्केवारी हिशोबात घेऊन सगळं विश्लेषण नव्यानं केलं, आणि आता नवीन नमुना आला की आधी काप काढून बघायचा हा त्यांच्या लॅबमधला नियम झालाय. ट्यूमर म्हणजे नुसत्या ट्यूमरच्या पेशी नव्हेत, त्यात रक्तवाहिन्या असतात, तंतू असतात, सूज असते, मेलेलं असतं, आणि माणसाचं आधीचं शरीर असतं. हे वाक्य मी आधीही वर्गात बोलायचे. आता बोलताना ती संध्याकाळ आठवते.

शेवटच्या तासाला मी हृदय ठेवते. हार्ट अटॅकनंतर हृदयाच्या स्नायूत काय होतं याला जवळपास वेळापत्रक आहे. पहिले काही तास साध्या मायक्रोस्कोपखाली काहीच दिसत नाही, माणूस गेलेला असतो आणि स्नायू नॉर्मल वाटतो. साधारण चार ते बारा तासांत मरणाच्या पहिल्या खुणा. दिवस उलटला की पेशी लालभडक, न्यूक्लियस पुसट होत गेलेले, पण बाह्याकार तसाच, घरं उभी आणि आत कोणी नाही. एक ते तीन दिवसांत न्यूट्रोफिल्सची गर्दी. मग मॅक्रोफेजेस, म्हणजे सफाई करणाऱ्या पेशी येतात, मेलेलं उचलून नेतात, आणि ह्याच आठवड्यात भिंत सगळ्यात कमकुवत असते, फाटली तर आत्ता फाटते. आठ-दहा दिवसांपासून नवीन बारीक रक्तवाहिन्या आणि कोवळे तंतू. दोनेक महिन्यांत पांढरा, चिवट व्रण.

मुलांना मी कागदावर काहीच देत नाही. एकच स्लाइड, सगळे शब्द बाजूला ठेवून जे दिसतंय ते आपल्या शब्दांत लिहा आणि किती वेळ झाला असेल ते सांगा. सोबतच्या जुन्या नोंदीत फक्त वय, पुरुष, आणि अचानक छातीत दुखलं एवढंच. गेल्या वर्षी जवळपास सगळ्यांनी दोन ते तीन दिवस लिहिलं, आणि ते बरोबर होतं. मी कागद गोळा करायला लागले. सिग्नल प्रोसेसिंगमधून आलेली एक मुलगी अजून मायक्रोस्कोपवरच होती, तिनं स्लाइड दुसऱ्या टोकाला सरकवली होती, जिथे कोणी गेलं नव्हतं.

व्रण किती जुना आहे, मॅडम?

मी बघितलं. बरोबर होतं, मेलेल्या भागापासून थोडं लांब एक फिकट पट्टा होता, नुसते तंतू, एकही स्नायू पेशी नाही. मी तिला खरं ते सांगितलं, की दोन महिन्यांहून जुना. त्यापलीकडे सांगता येत नाही. तीन महिन्यांचा व्रण आणि दहा वर्षांचा व्रण आयपीसखाली सारखेच दिसतात.

म्हणजे त्यांना आधी एकदा येऊन गेला होता.

हो.

आणि नोंदीत नाहीये. त्यांना कळलं असेल का?

असं पुष्कळदा होतं की कळतही नाही, थोडं जड वाटतं, दम लागतो, माणूस दोन दिवस पडून राहतो आणि परत कामाला लागतो, हे मी तिला सांगितलं. ती काही बोलली नाही. परत डोळा लावला. मग म्हणाली, व्रणाच्या कडेच्या पेशी इथल्या बाकीच्यांपेक्षा मोठ्या आहेत, आणि न्यूक्लियसही मोठे, चौकोनी, मी लाल पेशीनं मोजलं. बरोबर आहे म्हटलं, जे मेले त्यांचं काम उरलेल्यांनी घेतलं, म्हणून त्या वाढल्या. किती वर्षं करत असतील, तिनं विचारलं. ते मला सांगता आलं नाही.

बाकीची मुलं निघून गेली होती. मी लाइट बंद करायला उठले तर ती म्हणाली, मॅडम, ही स्लाइड उद्यापर्यंत ठेवू का माझ्याकडे?

ठेव म्हटलं.